मैत्री, मोबाइल आणि सीमाभाग

समाजमाध्यमांमुळे प्रत्यक्षातली मैत्री आटत चालली आहे, हे विधान बेळगाव-निपाणी परिसरात ज्या खात्रीने केले जाते, त्या खात्रीला साजेसा पुरावा उपलब्ध नाही. रॉबर्ट क्राउट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या १९९८ मधील गाजलेल्या अभ्यासात इंटरनेटचा अधिक वापर करणाऱ्यांचा घरच्यांशी संवाद आणि ओळखीपाळखीचे वर्तुळ किंचित घटल्याचे आढळले होते. परंतु त्यांपैकीच अनेकांची पुढे पुन्हा पाहणी केली असता बहुतेक दुष्परिणाम ओसरल्याचे त्याने सहकाऱ्यांसह २००२ मध्ये नोंदवले. पहिला निष्कर्ष सर्वतोमुखी झाला, दुसरा अभ्यासकांपुरताच राहिला.

सीमाभागात तर मैत्रीपुढची खरी अडचण अंतराची आहे. निपाणीला लागूनच असलेले अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय कोल्हापूर जिल्ह्यातील कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात मोडते, त्यामुळे कर्नाटकातल्या घरातून निघून महाराष्ट्रातल्या वर्गात बसण्यात येथील विद्यार्थ्यांना काहीच नवल वाटत नाही. मात्र शिक्षण संपल्यावर कोणी पुण्याची वाट धरतो, कोणी गोव्याची, तर कोणी बेंगळुरूची. अशा पांगलेल्या वर्गमित्रांचा व्हॉट्सॲप ग्रुप ज्या नात्यांना धरून ठेवतो, त्यांना समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये ‘क्षीण बंध’ म्हटले होते, म्हणजे क्वचित भेटणाऱ्या, जिव्हाळ्याच्या वर्तुळाबाहेरच्या माणसांशी असलेले नाते. आणि नोकरीची खबर पुष्कळदा अशाच माणसांकडून मिळते, असे त्यांनी दाखवून दिले होते. हे बंध पूर्वी पत्ता बदलला की तुटत असत.

याच्या उलट टोकाचा समज असा की, यादीतली नावे वाढली म्हणजे मित्र वाढले. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांच्या मते माणसाला साधारण १५० जणांशीच अर्थपूर्ण संबंध राखता येतात. फेसबुक वापरणाऱ्या ब्रिटिश नागरिकांच्या पाहणीवर आधारलेल्या त्यांच्या २०१६ मधील लेखातही, अडीअडचणीला धावून येतील अशी माणसे सरासरीने चारच्या आसपास भरली. जेफ्री हॉल या अमेरिकी संशोधकाने २०१८ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार ओळखीचे रूपांतर घनिष्ठ मैत्रीत होण्यास दोनशेहून अधिक तासांचा सहवास लागतो. बेळगावच्या शिवजयंतीतील चित्ररथासाठी किंवा गल्लीतल्या गणेशोत्सवाच्या मांडवासाठी रात्री जागवणाऱ्या पोरांचे हे तास मोजल्याविना भरत जातात; वाढदिवसाच्या संदेशाखाली उमटवलेल्या अंगठ्यांनी ते भरत नाहीत.

या भागापुरता सर्वांत खोल रुजलेला गैरसमज मात्र वेगळाच आहे: मराठी आणि कन्नड भाषकांमधील दुरावा मोबाइलनेच निर्माण केला, असा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव मुंबई राज्यातून तत्कालीन म्हैसूर राज्यात गेले, १९६६ मध्ये या सीमावादासाठी महाजन आयोग नेमला गेला, पुढील वर्षी त्याचा अहवाल आला आणि २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. व्हॉट्सॲपचा जन्मच २००९ मधला. वाद जुना आहे, आणि वाद चालू असतानाही बाजारात, कारखान्यात, शेजारात दोन्ही भाषा बोलत एकमेकांशी व्यवहार करण्याची रीतही तितकीच जुनी आहे.

म्हणून माध्यम अगदीच निर्दोष ठरते, असेही नाही. डिसेंबर २०२१ मध्ये बेंगळुरूतील शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या विटंबनेची चित्रफीत समाजमाध्यमांवर पसरताच सुमारे ५०० किलोमीटर दूरच्या बेळगावात निदर्शने पेटली आणि तेथे कन्नड स्वातंत्र्यवीर संगोळ्ळी रायण्णा यांच्या पुतळ्याची नासधूस झाली. पुढच्याच वर्षी ६ डिसेंबरला बेळगावजवळच्या हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्रातील वाहनांवर दगडफेक झाली, त्यानंतर १४ डिसेंबरला दिल्लीत दोन्ही मुख्यमंत्र्यांसोबत झालेल्या बैठकीनंतर केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी, बड्या नेत्यांच्या नावांनी काढलेल्या बनावट ट्विटर खात्यांमुळे प्रकरण चिघळल्याचे सांगितले.

येथे दोन प्रकारच्या संवादांची गल्लत होते. दोन मित्र एकमेकांशी बोलतात तेव्हा समोरच्याचा चेहरा, त्याचे घर, त्याची आई ठाऊक असते, त्यामुळे कडू विषयही जपून काढला जातो. ग्रुपवर मात्र प्रत्येक वाक्य शेकडो श्रोत्यांसमोर उच्चारले जाते आणि गप्प राहणाऱ्याला कधी फितूर, तर कधी भेकड ठरवले जाते. मैत्रीला धोका असलाच तर तो या दुसऱ्या संवादात आहे, आणि सरसकट मोबाइलला दोष देणारे नेमका हाच भेद विसरतात.

फॉरवर्डवरील बंधनाने हा धोका टळला, ही समजूतही अपुरी आहे. व्हॉट्सॲपने २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा घातली आणि २०२० मध्ये वारंवार पुढे पाठवल्या गेलेल्या संदेशांसाठी ती एकावर आणली, त्यामुळे प्रसाराचा वेग निश्चितच मंदावला. परंतु मजकूर कॉपी करून नव्याने चिकटवणाऱ्याला ती आडवी येत नाही, आणि अफवेवर विश्वास बसतो तो बहुधा ती किती जणांकडे गेली यावरून नव्हे, तर ती कोणत्या ओळखीच्या माणसाने पाठवली यावरून.