बँकेपुढे ठेवावयाचा कागद

जिंतूर तालुक्यातील बोरी व आसपासच्या गावांत तूर, सोयाबीन व कापूस ही पिके घेतली जातात. तुरीची डाळ गावातच करावी, असा विचार एखाद्या गटाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु विचार आणि यंत्र यांच्यामध्ये एक कागद असतो. त्यास प्रकल्प अहवाल म्हणतात. तो नीट लिहिता न आल्यास चांगला बेतही बँकेच्या टेबलावरच राहतो.

२०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग उन्नयन योजनेचे उदाहरण घ्यावे. पात्र खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान. अर्जदाराचा हिस्सा निदान १० टक्के. बाकीसाठी बँकेचे कर्ज, अशी तिची मांडणी. ६ लाख रुपयांच्या डाळमिलास २ लाख १० हजार अनुदान व ६० हजार स्वतःचे, हा हिशेब सोपा आहे. फसगत पुढे होते. अनुदान रोख हाती पडत नाही. ते कर्जखात्याशी जोडून ठेवले जाते आणि तीन वर्षांनंतर खाते नियमित व उद्योग चालू असल्यासच कर्जात वळते होते. जो अनुदानालाच पहिल्या वर्षाची मिळकत धरतो, त्याचे हप्ते थकणार, हे सांगावयास ज्योतिषी नको.

“आमच्या भागात तूर विपुल पिकते” हे वाक्य कानास गोड लागते, पण बँकेच्या उपयोगाचे नाही. सभासद किती, त्यांची तूर किती क्विंटल, ती कोणत्या महिन्यांत घरात येते व उरलेले महिने यंत्रास काम कोणते, हे लिहावे. क्विंटलभर तुरीपासून साधारण ७० ते ७५ किलो डाळ मिळते. चुणी व टरफल जनावरांच्या खाद्यास जाते, त्याचीही किंमत मांडावी. यंत्राची किंमत ऐकीव नसावी. विक्रेत्याचे दरपत्रक जोडावे. तूर महागली तर काय करणार, हेही लिहावे. अडचण लपविणारा अहवाल जाणत्या अधिकाऱ्याच्या लगेच ध्यानात येतो.

महिला बचत गटांपाशी ही सामग्री बरीचशी आयती असते, कारण त्यांच्या पंचसूत्रीत लेखे ठेवणे आलेच. बैठकीचे इतिवृत्त व परतफेडीच्या वह्या यांवरून अर्धा अहवाल तयार होतो. याच योजनेत अन्नप्रक्रिया करणाऱ्या गटांस दर सभासदामागे ४० हजार रुपयांपर्यंत बीज भांडवलाची तरतूद करण्यात आली.

हे लेखन मिळकतीचेही साधन होय. अहवाल तयार करण्यास साहाय्य करणाऱ्या संसाधन व्यक्तीस दर मंजूर कर्जामागे २० हजार रुपये मोबदला योजनेच्या सूचनांत ठेवण्यात आला. निम्मा कर्ज मंजूर झाल्यावर, निम्मा नोंदण्या पुऱ्या होऊन उद्योग सुरू झाल्यावर. लिहिणाऱ्याचाही पैसा उद्योग उभा राहण्यात गुंतविला, ही योजकता खरोखर चांगली. गावातील शिकलेल्या तरुणतरुणींनी हे काम शिकून घ्यावे. चालू नियम मात्र तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात पाहून घ्यावेत.

तयार अहवाल गटाच्या बैठकीत मोठ्याने वाचावा. “एवढी तूर आपल्याकडे होत नाही” असे कोणी म्हटल्यास आकडा तेथल्या तेथे दुरुस्त करावा, आणि मगच सह्या घ्याव्यात.