चरबीतील मूलपेशी : आशा किती, पुरावा किती?

लायपोसक्शन या शस्त्रक्रियेत पोटावरून किंवा मांड्यांवरून नळीने शोषून काढलेली चरबी वर्षानुवर्षे रुग्णालयातील कचऱ्याबरोबर नष्ट केली जात होती. पिवळसर, रक्तमिश्रित अशा त्या द्रवात काही मोलाचे असेल, असे फारसे कोणाच्या मनात आले नव्हते. २००१ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील शाखेतील संशोधक पॅट्रिशिया झुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच टाकाऊ द्रवातून मूलपेशी वेगळ्या करून दाखविल्या. प्रयोगशाळेत योग्य पोषण मिळताच त्या पेशींनी हाडाचे, कूर्चेचे, स्नायूचे आणि मेदाचे गुणधर्म धारण केले. पुनर्जनन वैद्यकात, म्हणजे झिजलेल्या वा नष्ट झालेल्या ऊती शरीराकडूनच पुन्हा घडवून घेऊ पाहणाऱ्या शाखेत, या शोधाने मोठी खळबळ उडाली.

आज या शोधाच्या नावाने दोन वेगवेगळ्या गोष्टी चालू आहेत. एकीकडे संथ गतीने, यश-अपयश नोंदवीत पुढे सरकणारे संशोधन आहे. दुसरीकडे ‘तुमच्याच चरबीतून तुमचा गुडघा नवा’ अशा थाटाच्या जाहिराती आहेत. गुडघेदुखीने हैराण झालेल्या, देवळाच्या चार पायऱ्या चढणेही जड जाणाऱ्या माणसापर्यंत पहिली गोष्ट क्वचितच पोहोचते. दुसरी मात्र थेट भ्रमणध्वनीवर येऊन धडकते.

चरबीच का, हा पहिला प्रश्न. मूलपेशींचा जुना आणि परिचित स्रोत म्हणजे अस्थिमज्जा. पण ती काढण्यासाठी कमरेच्या हाडात जाड सुई घालावी लागते आणि हाती येणाऱ्या पेशींत या प्रकारच्या मूलपेशी अत्यल्प असतात. चरबीत त्यांचे प्रमाण शेकडो पटींनी अधिक आढळते आणि चरबी काढणेही तुलनेने सोपे असते. मेदऊतीत बारीक रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते व या मूलपेशी त्या वाहिन्यांच्या भोवतीच वस्ती करून असतात.

त्या बाहेर काढण्याची रीत अशी : शोषून घेतलेली चरबी क्षारजलाने धुतली जाते. मग शरीराइतक्याच उष्णतेला, ३७ अंश सेल्सिअसवर, तिच्यात कोलॅजनेज नावाचे विकर मिसळतात. हे विकर पेशींना जखडून ठेवणारे तंतू विरघळविते. नंतर मिश्रण यंत्रात वेगाने फिरविले की तेल व मेदपेशी वर तरंगतात आणि बाकीच्या पेशी तळाशी साचतात. हा साका म्हणजे निव्वळ मूलपेशी नव्हेत. त्यात रक्तवाहिन्यांच्या अस्तरातील पेशी असतात, प्रतिकारशक्तीच्या पेशी असतात, तंतू तयार करणाऱ्या पेशीही असतात. मूलपेशी त्यांतील एक लहानसा वाटा. निव्वळ मूलपेशी हव्या असतील तर हा साका प्रयोगशाळेत काही आठवडे वाढवावा लागतो. पहिला प्रकार दवाखान्यात तासा-दोन तासांत उरकता येतो, दुसऱ्यासाठी औषधनिर्मितीच्या दर्जाची निर्जंतुक प्रयोगशाळा लागते. जाहिरातींत दोहोंनाही सरसकट ‘स्टेम सेल’ म्हटले जाते आणि गोंधळाची सुरुवात तेथूनच होते.

या पेशी शरीरात शिरून नेमके काय करतात, याविषयीचे मतही गेल्या दोन दशकांत बदलले आहे. आरंभी अशी कल्पना होती की गुडघ्यात टोचलेली मूलपेशी तेथे कूर्चा बनेल, हृदयात टोचलेली स्नायू बनेल. प्रत्यक्षात टोचलेल्या पेशींपैकी बहुतेक काही दिवसांत वा आठवड्यांत नाहीशा होतात. तेवढ्या काळात त्या विविध रासायनिक संदेश सोडतात, त्यामुळे दाह कमी होतो, प्रतिकारशक्तीचा अतिरेक आवरला जातो, नव्या रक्तवाहिन्यांना चालना मिळते. गवंडी म्हणून बोलावलेला माणूस मुकादम निघावा, तसा हा प्रकार. या पेशींना १९९१ साली ‘मेसेनकायमल स्टेम सेल’ हे नाव रूढ करून देणारे अमेरिकी शास्त्रज्ञ अर्नोल्ड कॅप्लन यांनीच २०१७ मध्ये ते नाव बदलण्याची मागणी केली. ‘स्टेम सेल’ या शब्दामुळे रुग्णांची दिशाभूल होते, हा त्यांचा आक्षेप होता. नाव काही बदलले नाही.

यशाच्या नोंदी नाहीत असे नाही. २००४ साली जर्मनीतील गीसेन येथील शल्यचिकित्सकांनी डोक्याच्या गंभीर दुखापतीमुळे कवटीला मोठी भगदाडे पडलेल्या सात वर्षांच्या मुलीवर तिच्याच कमरेच्या हाडाचा चुरा आणि तिच्याच चरबीतील पेशी वापरून उपचार केले. कवटीचा भाग भरून आला. फिनलंडमध्ये एका रुग्णाचा काढून टाकलेला वरचा जबडा घडविण्यासाठी त्याच्या चरबीतील मूलपेशी कृत्रिम सांगाड्यावर पेरून, तो सांगाडा आठ महिने त्याच्याच पोटाच्या स्नायूत वाढविण्यात आला व मग चेहऱ्यावर बसविला गेला. २००९ साली ही हकीकत प्रसिद्ध झाली. मात्र ही एकेका रुग्णाची उदाहरणे. हाडाचा चुरा वा वाढप्रथिने सोबत असताना यशात पेशींचा वाटा किती, हे त्यांवरून सांगता येत नाही.

तुलनेची सोय असलेला एक नेटका प्रयोग कोपनहेगनमध्ये झाला. दहा निरोगी स्वयंसेवकांच्या एका दंडात साधी चरबी आणि दुसऱ्या दंडात मूलपेशींनी समृद्ध केलेली चरबी भरण्यात आली. चार महिन्यांनंतर साध्या चरबीपैकी सुमारे १६ टक्केच शिल्लक होती, समृद्ध केलेल्या चरबीपैकी सुमारे ८१ टक्के. स्तनाच्या कर्करोगानंतरच्या किंवा अपघातानंतरच्या पुनर्रचनेत भरलेली चरबी विरघळून जाणे ही जुनी डोकेदुखी असल्याने २०१३ मधील या निष्कर्षाचे महत्त्व मोठे आहे.

आणि तरीही या क्षेत्राची खरी कसोटी दुसऱ्याच एका आजारात लागली. क्रोन्स हा आतड्याचा दीर्घकालीन दाहविकार आहे. त्यातील काही रुग्णांना गुदद्वाराजवळ नाडीव्रण, म्हणजे भगंदर होते, आणि ते वर्षानुवर्षे वाहत राहते. निरोगी दात्यांच्या चरबीतील मूलपेशी वाढवून तयार केलेले ‘डार्व्हाडस्ट्रोसेल’ हे औषध अशा व्रणाभोवती टोचले जाई. एका वेळी १२ कोटी पेशी. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या २१२ रुग्णांवरील चाचणीत औषध मिळालेल्यांपैकी जवळजवळ ५० टक्क्यांचे व्रण २४ आठवड्यांत भरले, केवळ निष्क्रिय द्रव मिळालेल्यांपैकी ३४ टक्क्यांचे. २०१८ च्या मार्चमध्ये युरोपीय महासंघाने औषधाला मान्यता दिली. दात्याच्या मूलपेशींपासून बनविलेल्या औषधाला तेथे अशी मान्यता मिळण्याची ही पहिलीच वेळ होती.

पुढे पाचशेहून अधिक रुग्णांवर दुसरी, अधिक मोठी चाचणी झाली आणि तिच्यात हा फरक जवळपास पुसला गेला : औषधगटात ४८.८ टक्के, निष्क्रिय गटात ४६.३ टक्के. दोन्ही गटांत व्रण खरवडून साफ करणे, आतले तोंड शिवणे ही शस्त्रक्रिया सारख्याच काळजीने झालेली होती. म्हणजे गुण आला तो बहुधा त्या शस्त्रक्रियेचाच. डिसेंबर २०२४ मध्ये कंपनीने युरोपातील आपली मान्यता मागे घेतली. विज्ञानाच्या दृष्टीने ही नामुष्की मानण्याचे कारण नाही, कारण दुसरी चाचणी करण्याची तयारी दाखविली गेली म्हणूनच सत्य कळले. चाचणीच न करणाऱ्या दवाखान्यावर असे माघार घेण्याचे प्रसंग येत नाहीत.

गुडघ्याच्या बाबतीतही याच कठोर पद्धतीचे उत्तर आता हाती आहे. अमेरिकेत ४८० रुग्णांवर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अस्थिमज्जेचा अर्क, चरबीतून काढलेला साका आणि नाळेतील मूलपेशी या तिन्हींची तुलना गुडघ्यात नेहमी दिल्या जाणाऱ्या स्टिरॉइडच्या इंजेक्शनशी केली गेली. वर्षभरानंतर वेदना कमी होण्यात तिन्हींपैकी एकही स्टिरॉइडपेक्षा सरस ठरले नाही. बरे सर्वच गटांना वाटले होते. शेजाऱ्याला ‘गुण आला’ ही साक्ष खोटी नसते. पण गुण कशाचा आला, हे त्या साक्षीवरून ठरत नाही.

मेरुरज्जूच्या दुखापतीत परिस्थिती अजून अगदी प्रारंभिक आहे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकने दहा रुग्णांच्या पाठीच्या कण्यातील द्रवात त्यांच्याच चरबीतील १० कोटी मूलपेशी सोडल्या. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार सात जणांच्या संवेदनेत वा हालचालीत किमान एका श्रेणीची सुधारणा झाली, गंभीर अपाय कोणालाही झाला नाही. तुलनागट नसलेली ही पहिल्या टप्प्याची चाचणी सुरक्षितता तपासण्यासाठी होती. उपचार सिद्ध झाला, असा तिचा अर्थ कोणी काढू नये.

‘आपल्याच शरीरातले आहे, अपाय कसला?’ हा युक्तिवाद सर्वांत धोकादायक आहे. २०१५ साली फ्लोरिडातील एका दवाखान्यात वयपरत्वे येणाऱ्या नेत्रपटलाच्या विकाराने त्रस्त अशा ७२ ते ८८ वयाच्या तीन स्त्रियांनी प्रत्येकी ५ हजार डॉलर मोजून चरबीतील पेशी डोळ्यांत टोचून घेतल्या, तीही दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी. नंतर रक्तस्राव झाला, नेत्रपटल सुटले, आणि तिघींचीही जवळपास सर्व दृष्टी गेली. अमेरिकी औषध प्रशासनाने पुढे अशा दवाखान्यांना न्यायालयात खेचले. २०२१ आणि २०२४ मध्ये तेथील दोन संघीय अपील न्यायालयांनी निर्वाळा दिला की असा प्रक्रिया केलेला साका औषधच ठरतो आणि त्याला औषधाचेच नियम लागू होतात.

भारतातील नियम याहून सैल आहेत, असा समज असेल तर तो चुकीचा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक विकारांतील रक्तनिर्मिती करणाऱ्या मूलपेशींचे प्रत्यारोपण वगळता अन्य वापर मान्यताप्राप्त चाचणीतच व्हायला हवा. २०१९ च्या नवीन औषधे व वैद्यकीय चाचण्या नियमांत मूलपेशींपासून बनविलेले उत्पादन कायमचे ‘नवीन औषध’ मानले गेले आहे. त्याला केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी लागते. बेंगळुरूच्या एका कंपनीच्या उत्पादनाला गुडघ्याच्या झिजेसाठी २०२२ मध्ये अशी परवानगी मिळाली, पण त्यातील पेशी दात्यांच्या अस्थिमज्जेतील आहेत, रुग्णाच्या चरबीतील नव्हेत. प्लास्टिक सर्जन खड्डे वा व्रण भरण्यासाठी साधी चरबी वापरतात, ती जुनी व मान्य पद्धत आहे. तिचा या वादाशी संबंध नाही.

गोव्यातून मुंबई-बेंगळुरूची वाट धरण्यापूर्वी रुग्णाला घरबसल्या एक पडताळणी करता येते. देशातील प्रत्येक वैद्यकीय चाचणीची नोंद ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ या खुल्या संकेतस्थळावर पहिला रुग्ण घेण्यापूर्वीच होणे बंधनकारक आहे. डॉक्टरांकडून चाचणीचा नोंदणी क्रमांक मागावा, तो तेथे तपासावा, नीतिमत्ता समितीच्या मंजुरीची आणि संमतिपत्राची प्रत हातात घ्यावी. मात्र केवळ नोंदीवर विसंबू नये : फ्लोरिडातील त्या स्त्रियांपैकीही काहींना दवाखान्याचा पत्ता अमेरिकेच्या अशाच सरकारी नोंदवहीतून मिळाला होता. खरी चाचणी सहसा ओळखू येते ती पैशांवरून. प्रयोगाच्या उपचाराचा खर्च सहभागी रुग्णाकडून घ्यायचा नसतो आणि चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार व भरपाईची जबाबदारी पुरस्कर्त्यावर असते. त्या तीन स्त्रियांना मात्र पैसे मोजावे लागले होते.