लोहगड भारी की विसापूर? पीव्हीपी टॅलेंट निवडताना चुकणारा प्रश्न

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी कामशेतचा एक ज्युनिअर लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आला. एमएस्सी संख्याशास्त्राचं दुसरं वर्ष, प्रोजेक्टचा प्रस्ताव द्यायला तीन आठवडे उरलेले. विषय त्यानं ठरवून टाकला होता: 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या ऑनलाइन खेळात माणसाविरुद्ध लढताना, म्हणजे पीव्हीपीत, कोणतं टॅलेंट सर्वोत्तम? एक्सेलमध्ये ४०० लढतींची नोंद. जूनपासून बसून एकेक ओळ भरलेली. तारीख, टॅलेंट, जिंकलो की हरलो. टॅलेंट 'अ' घेऊन २०० लढती, त्यात ११२ जिंकल्या, म्हणजे ५६ टक्के. 'ब' घेऊन २०० लढती, जिंकल्या ९८, म्हणजे ४९ टक्के. "दादा, 'अ' भारी आहे हे तर दिसतंच आहे. आता फक्त टेस्ट कुठली लावू ते सांग."

संशोधनाची तयारी करणाऱ्या तुमच्यापैकी बऱ्याच जणांना असंच वाटतं, की डेटा जमला, आता टेस्ट लावली की झालं. खेळाचा विषय हलका वाटला तरी घोटाळा तोच आहे जो खतांच्या किंवा औषधांच्या अभ्यासात होतो. म्हणून हे जरा सविस्तर लिहितो.

आधी खेळ न खेळणाऱ्यांसाठी थोडं. २००४ मध्ये हा खेळ आला तेव्हा पात्राची पातळी १० झाली की दर पातळीला एक गुण मिळायचा. ६०व्या पातळीपर्यंत एकूण ५१ गुण. हे गुण तीन फांद्यांत वाटायचे. एका फांदीच्या टोकाला पोचायला ३१ गुण लागत, उरलेले २० दुसरीकडे. म्हणजे एक टोक गाठलं की दुसरं टोक हातून गेलं. पुढे ही रचना अनेकदा बदलली. २०१२ मध्ये फांद्या काढून टाकल्या, २०१६ मध्ये पीव्हीपीसाठी वेगळी टॅलेंटं आली, २०२२ मध्ये फांद्या परत आल्या. पण मूळ गोष्ट तीच राहिली: सगळं मिळत नाही, निवडावं लागतं. समजा यादीत १२ टॅलेंटं आहेत आणि तीनच घेता येतात, तर २२० वेगवेगळे संच होतात. प्रत्येक संच नीट तपासायचा म्हटलं तर डिग्री संपेल, लढती संपणार नाहीत.

आता जुन्या फांद्यांमधलंच एक टॅलेंट घ्या, योद्ध्याचं 'मॉर्टल स्ट्राइक'. ३१ गुण घालून मिळायचं. त्याचा वार बसला की समोरच्याला मिळणारे उपचार निम्मे व्हायचे. हे टॅलेंट चांगलं की वाईट? संगणकानं चालवलेल्या, स्वतःवर उपचार न करणाऱ्या राक्षसासमोर त्यातला उपचार कमी करण्याचा भाग अगदी फुकट. समोर माणसं असतील आणि त्यांच्यात एक उपचार करणारा असेल, तर तोच भाग लढतीचा निकाल फिरवतो. टॅलेंट तेच, आकडाही तोच. बदललं ते फक्त समोर कोण आहे ते.

इथे मी त्याला लॅपटॉप मिटायला लावला आणि रविवारी मळवलीला बोलावलं.

मळवली स्टेशनवरून भाज्याच्या वाटेनं वर चढून गायमुख खिंडीत उभं राहिलात, की एका हाताला लोहगड, दुसऱ्या हाताला विसापूर. पावसात विसापूरचं पठार धुक्यात गडप असतं, पण उघडीप मिळाली की दोघांतला फरक डोळ्यांना दिसतो. आता विचारा, 'कोणता किल्ला भक्कम?' एकटा पाहिलात तर लोहगड. एकामागून एक दरवाजे: गणेश, नारायण, हनुमान, महादरवाजा. वळणावळणाची वाट, वरून मारा करता येईल अशी. शिवाय लांबवर गेलेली विंचूकाट्याची सोंड. दरवाज्यानं वर यायचं म्हटलं तर शत्रूची वाट लागते. संरक्षणाचे सगळे गुण एकाच फांदीत घातल्यासारखा किल्ला.

पण विसापूर त्याच्याहून उंच आहे, आणि मधे फक्त एक खिंड. विसापुरावर तोफा चढल्या की लोहगडाच्या चार दरवाज्यांना विचारतो कोण? मार्च १८१८ मध्ये इंग्रजांनी तेच केलं. आधी विसापूर घेतला, आणि त्यानंतर लोहगड लढवण्यात अर्थ उरला नाही. लोहगडाची एक चिराही त्या दिवशी कमी झाली नव्हती. त्याची किंमत कमी झाली, कारण समोरच्या डोंगरावर कोण आहे ते बदललं. (किल्ल्यांची आवड असलेले म्हणतील की १६६५च्या पुरंदरच्या तहात दोन्ही गड बरोबरच मोगलांना दिले गेले होते. बरोबर आहे. एक ठेवून दुसरा देण्यात काय हशील होतं?)

तर पहिली दुरुस्ती प्रश्नातच. 'कोणतं टॅलेंट सर्वोत्तम?' हा प्रश्न अर्धवट आहे. 'समोर कोणकोण किती प्रमाणात येतात, तेव्हा कोणतं?' हा पूर्ण प्रश्न. हे लिहायला सोपं, पण एकदा लिहिलं की सगळं गणित बदलतं. कसं ते बघू, कागद-पेन्सिल घ्या.

समजा तीनच प्रकारचे संच आहेत. 'झटका' म्हणजे थोड्या सेकंदांत सगळा मारा करून मोकळा होणारा. 'तग' म्हणजे उपचार आणि बचावावर टिकून राहणारा. 'जखड' म्हणजे समोरच्याला खिळवून ठेवणारा. झटका तगला १०० पैकी ७० वेळा हरवतो, कारण उपचार लागू पडायच्या आत काम झालेलं असतं. तग जखडला ६० वेळा हरवतो, कारण पुन्हा पुन्हा खिळवलं की त्याचा परिणाम दरवेळी कमी होत जातो. जखड झटक्याला ६० वेळा हरवतो, कारण त्याच्या माऱ्याची वेळ निघून जाते. सारखा सारख्यासमोर आला तर ५०-५०. आकडे माझे आहेत, उदाहरणापुरते.

निम्मे खेळाडू तग घेऊन येत असतील आणि उरलेले अर्धे-अर्धे झटका नि जखड, तर झटकावाला सरासरी ५७.५ टक्के लढती जिंकेल. सगळीकडे बोंब होईल, झटका घ्या, झटका! लोक झटका घेतील. मग जखड घेणाऱ्यांची चांदी. मग जखड वाढेल, मग तगचे दिवस येतील. हे चक्र कुठे थांबतं? कोणालाच संच बदलून फायदा होणार नाही अशा ठिकाणी. याच ठिकाणाला जॉन नॅशच्या नावानं नॅश समतोल म्हणतात. १९५० मध्ये त्यानं दाखवलं की कितीही खेळाडूंच्या मर्यादित खेळात असा समतोल असतोच. दोघांच्या, एकाचा फायदा तो दुसऱ्याचा तोटा अशा खेळांसाठी फॉन नॉयमननं पाया १९२८ मध्येच घातला होता.

आता अंदाज करा. आपल्या खेळात सर्वांत मोठा विजय झटक्याचा आहे, ७० टक्के. मग समतोलात सर्वांत जास्त कोण असेल? बहुतेक जण झटका म्हणतात, मीही पहिल्यांदा म्हटलं होतं. गणित करून बघा: झटका २५ टक्के, तग २५ टक्के, आणि जखड ५० टक्के! झटका तगवर जितका भारी पडतो, तितकं झटक्याला मारणाऱ्याचं महत्त्व वाढतं. खेळ बनवणाऱ्यांनी एखादं टॅलेंट आणखी ताकदवान केलं, की कधीकधी त्याचा वापर वाढतच नाही, त्याला उतारा असलेल्याचा वाढतो. आणि दुसरी गोष्ट अजून अवघड: या समतोलात तिघांचाही सरासरी जिंकण्याचा दर बरोबर ५० टक्के येतो. म्हणजे जिंकण्याच्या टक्केवारीचा तक्ता बघून 'सगळी टॅलेंटं सारखीच' असा निष्कर्ष काढाल, आणि आतली ७०-६०-६० ची सगळी मारामारी तुमच्या नजरेतून निसटेल.

हे फक्त खेळात होतं असं नाही. कॅलिफोर्नियातल्या एका जातीच्या सरड्यांत नरांचे तीन प्रकार असतात, गळ्याच्या रंगावरून ओळखू येणारे. दांडगा नारिंगी निळ्याला हटवतो, मादीवर पहारा देणारा निळा चोरट्या पिवळ्याला रोखतो, आणि पिवळा नारिंगीच्या मोठ्या इलाख्यात गुपचूप शिरतो. सिनर्वो आणि लाइव्हली यांनी १९९६ मध्ये 'नेचर'मध्ये हे मांडलं, प्रमाण वर्षांगणिक फिरत राहतं हेही दाखवलं. 'कोणता सरडा सर्वोत्तम' असा पेपर त्यांनी लिहिला असता तर?

बरं, आता एक्सेल शीटकडे परत. ५६ विरुद्ध ४९. फरक ७ टक्क्यांचा. २००-२०० लढतींवर त्या फरकाचा ९५ टक्के विश्वासांतर काढलं तर ते साधारण उणे ३ पासून अधिक १७ पर्यंत पसरतं. म्हणजे 'अ' खूप भारी असू शकतं, आणि किंचित वाईटही असू शकतं. त्याचा चेहरा पडला. पण खरं सांगू, हा त्याच्या अडचणींतला सर्वांत छोटा भाग होता. कमी लढतींवर इलाज आहे, अजून खेळा.

मी विचारलं, "'ब' कधी वापरलंस?" जून-जुलैमध्ये. "आणि 'अ'?" ऑगस्टपासून. म्हणजे 'ब' वापरताना तो शिकत होता, 'अ' वापरताना शिकलेला होता. त्यात जुलैचा मावळचा पाऊस! वीज जाते, नेट लटपटतं, आणि सर्व्हर इतका लांब, की आपण बटण दाबल्यावर वार पोचेपर्यंत समोरचा पळालेला असतो. ५६ आणि ४९ मधला फरक टॅलेंटचा, सरावाचा, की पावसाचा? त्या शीटवरून ते कधीच सांगता येणार नाही. ४०० काय, अशाच ४००० लढती असत्या तरी नाही. संख्या वाढवून मिसळलेली कारणं वेगळी होत नाहीत, हे वाक्य भिंतीवर लिहून ठेवण्यासारखं आहे.

"'ब' सोडलंस का?" तर सलग सात लढती हरला म्हणून वैतागून. इथे आणखी एक सापळा. सलग सात हार म्हणजे बऱ्याचदा थोडं दुर्दैवही असतं. त्यानंतर काहीही बदललं, अगदी खुर्ची बदलली तरी, पुढचे निकाल थोडे सुधारलेलेच दिसतात, कारण ते नेहमीच्या सरासरीकडे परत येतात. श्रेय मात्र खुर्चीला जातं.

आणि शेवटचा, जो मला स्वतःला बराच उशिरा कळला. रँकच्या लढतींत खेळ तुमच्यासमोर साधारण तुमच्याच ताकदीचा प्रतिस्पर्धी आणतो. बुद्धिबळातल्या इलो पद्धतीसारखंच: जिंकलात की गुण वाढतात, मग समोरचाही वरचढ येतो. त्यामुळे टॅलेंट खरोखर चांगलं असलं तरी जिंकण्याचा दर काही काळ वर जातो आणि परत ५०च्या आसपास येऊन बसतो. परिणाम टक्केवारीत नसतो, गुणांत असतो. इलोच्या सूत्रात १०० गुणांचा फरक म्हणजे वरच्याला जिंकण्याची साधारण ६४ टक्के शक्यता. तेव्हा नोंदवायला हवे होते दोघांचे गुण. त्याच्या शीटमध्ये तो रकानाच नव्हता.

भाज्याच्या खाली चहा घेताना त्यानं विचारलं, "म्हणजे चार महिने पाण्यात?" नाही. प्रस्तावासाठी त्याला जे हवं होतं ते त्या चार महिन्यांनीच दिलं होतं: एका लढतीला किती वेळ लागतो, दिवसाला किती होतात, नोंद करताना काय सुटतं. प्रायोगिक चाचणी म्हणून ती शीट उत्तम आहे, फक्त निष्कर्ष म्हणून तिचा उपयोग नाही. प्रस्तावात हे सरळ लिहायला लाजू नका. परीक्षकांना ते आवडतंच, आणि नाही लिहिलंत तर ते तोंडी परीक्षेत शोधून काढतात.

दोन रविवार घालवून आम्ही नवी आखणी केली. प्रत्येक लढतीआधी नाणं: छापा आला तर 'अ', काटा आला तर 'ब'. आवडो न आवडो, हरत असला तरी. म्हणजे सराव, पाऊस, नेट, मूड सगळं दोन्हीकडे सारखंच वाटलं जाईल. समोरच्याचा प्रकार लढत संपल्याबरोबर नोंदवायचा, झटका, तग की जखड, आणि दोघांचे गुणही. खेळाची आवृत्ती बदलली की नवा गट सुरू, जुन्यात मिसळायचं नाही. समोरच्या खेळाडूंची नावं शीटमध्ये ठेवायची नाहीत, कारण तीही माणसं आहेत आणि त्यांनी संमती दिलेली नाही. विभागाच्या नैतिकता समितीला आधीच विचारून घ्यायचं. किती लढती लागतील तेही आधी काढलं. ५० आणि ५५ टक्के हा फरक ८० टक्के खात्रीनं पकडायचा तर एकाच टॅलेंटला सुमारे ७८० लढती लागतात. दोन टॅलेंटांची तुलना करायची तर प्रत्येकी त्याच्या दुप्पट. हा आकडा पाहून त्यानं कपाळाला हात लावला आणि प्रश्न आणखी लहान केला: फक्त 'जखड' समोर आल्यावर 'अ' आणि 'ब' मध्ये फरक पडतो का, आणि तोही १५ टक्क्यांपेक्षा मोठा असेल तरच पकडायचा. उरलेल्या दोन प्रकारांसाठी सिम्युलेशन.

गाइडनी प्रस्ताव परत पाठवला, एका दुरुस्तीसह. नाणं तो स्वतःच उडवणार, मग नको तो निकाल आला की 'खाली पडलं, परत उडवू' कशावरून होणार नाही? आता ४०० छापा-काट्यांची यादी संगणकावर आधीच काढून त्याच्या बहिणीकडे ठेवली आहे. लढतीआधी तो तिला हाक मारतो, ती पुढचं अक्षर सांगते. तिला टॅलेंट म्हणजे काय ते माहीत नाही, आणि या कामासाठी तेच बरं आहे.