मौन आणि अबोला

शेलूबाजार या गावाच्या नावातच बाजार आहे, आणि बाजार म्हटला की बोलणे आलेच. भाव विचारायचा, घासाघीस करायची, जाता जाता चार घरच्या गोष्टी करायच्या. अशा ठिकाणी बसून न बोलणाऱ्या साधूंचा विचार करणे म्हणजे गंमतच! पण कथाकादंबऱ्यांत कधी असा मठ भेटतो, जिथे कुणी जन्मभर अवाक्षर काढत नाही. असे मठ खरोखर आहेत का, आणि असले तर त्यांचा रोजचा व्यवहार चालतो कसा, ते आज पाहू.

सुरुवात घरापासूनच करू. चातुर्मासात जेवताना न बोलण्याचा नेम आपल्याकडच्या कितीतरी आयाबाया धरत आल्या आहेत. नेम सुटला की उद्यापनाला घंटा दान द्यायची. इतके दिवस जी जीभ थांबली, तिच्या जागी देवळात घंटा वाजू लागते.

आपल्याच वाशीम जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यात, शिरपूर हे जैनांचे मोठे तीर्थ आहे. जैन मुनींच्या आचारात 'वचनगुप्ती' नावाचा नियम आहे. गुप्ती म्हणजे आवरणे. मन, वाणी आणि शरीर ही तिन्ही आवरायची. त्याच्या जोडीला 'भाषासमिती' आहे. बोलायचेच झाले तर मोजके, खरे आणि कुणाला न दुखवणारे बोलावे, असा तिचा अर्थ. दिगंबर मुनी आहार घेताना मौन पाळतात. उभ्याने, ओंजळीत घास घेतात. मागायचे काही नाही, आणि नको असेल तर खुणेने सांगायचे.

परदेशातही हीच रीत सापडते. ख्रिस्ती संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात मठांसाठी नियम लिहिले, त्यांत मौनाला मोठे स्थान दिले. जेवणाच्या पंगतीत एकाने धर्मग्रंथ वाचावा, बाकीच्यांनी ऐकावे, काही लागले तर खूण करावी. पुढे फ्रान्समधल्या क्लूनीसारख्या मठांत भाकरीची खूण वेगळी, मासळीची वेगळी, अशा खुणांच्या याद्याच तयार झाल्या. फ्रान्सच्याच डोंगरात 1084 साली सुरू झालेला कार्थुझियन पंथ याहून कडक. त्यांचे साधू आपापल्या खोलीत एकटे राहतात. पण त्यांनाही आठवड्यातून एकदा सगळ्यांनी मिळून लांब फिरायला जायचे आणि वाटेत बोलायचे, असा नेम आहे. मुळात 'कधीच बोलणार नाही' अशी शपथ बेनेडिक्टच्या वाटेने जाणारे साधू घेत नाहीत. मौन ही त्यांची शिस्त आहे. म्हणजे कथेतला मठ खऱ्या मठापेक्षा जास्त कडक निघाला!

मग जन्मभर न बोलणारा कुणी झालाच नाही का? झाला, आणि तो आपल्या महाराष्ट्रात. मेहेरबाबांनी अहमदनगरजवळ, म्हणजे आजच्या अहिल्यानगरजवळ, मेहेराबाद येथे 10 जुलै 1925 रोजी मौन धरले. 31 जानेवारी 1969 रोजी देह ठेवीपर्यंत ते सुटले नाही. बरीच वर्षे ते पाटीवरच्या अक्षरांवर बोट ठेवून शब्द जुळवीत. 1954 साली तेही सोडले आणि फक्त हातांच्या खुणा ठेवल्या. 10 जुलैला त्यांचे भक्त आजही मौन पाळतात.

सेवाग्रामच्या गांधीजींचे मौन सोमवारचे. त्या दिवशी ते चिठ्ठीवर लिहून उत्तर देत. 2 जून 1947 हा सोमवारच होता. देशाच्या फाळणीची योजना घेऊन माउंटबॅटन बसले होते, आणि गांधीजींनी जुन्या लिफाफ्यांच्या पाठीवर चार ओळी लिहून दिल्या. त्यांच्या व्रतालाही दोन वाटा मोकळ्या होत्या. तातडीच्या कामासाठी मोठ्या अधिकाऱ्याशी बोलावे लागले, किंवा आजाऱ्याची सेवा करायची असली, तर मौन सोडता येई. आजारी माणसापुढे व्रत मोठे नाही, एवढा विवेक त्यात होता.

पण मौनाची खरी पारख बुद्धांच्या एका गोष्टीत आहे. विनयपिटकात ती येते. कोसल देशात काही भिक्खू एकत्र वर्षावासाला राहिले. भांडण नको म्हणून त्यांनी ठरवले की एकमेकांशी बोलायचेच नाही. भिक्षेहून आधी येईल त्याने आसने मांडावी, पाय धुवायला पाणी ठेवावे. एकट्याने उचलेना तर हाताने दुसऱ्याला बोलवावे. तीन महिने सुरळीत गेले. त्यांनी मोठ्या अभिमानाने बुद्धांना सांगितले. शाबासकी मिळेल वाटले, तर उलट बोलणी खावी लागली! ही तर गुराढोरांसारखी सोबत झाली, असे बुद्ध म्हणाले आणि त्यांनी मूकव्रत घ्यायला मनाई केली. त्याऐवजी वर्षावासाच्या शेवटी प्रत्येकाने संघापुढे हात जोडून विचारावे : माझे काही चुकलेले कुणी पाहिले, ऐकले, किंवा तशी शंका आली असेल, तर मला सांगा. यालाच 'पवारणा' म्हणतात.

आपल्याकडे यासाठी दोन नेमके शब्द आहेत : मौन आणि अबोला. मौन माणूस स्वतःवर घालून घेतो, म्हणजे दुसऱ्याचे ऐकू यावे. अबोला दुसऱ्यासाठी असतो, आणि त्यात ऐकणेही बंद होते. इगतपुरीच्या विपश्यना केंद्रात दहा दिवसांच्या शिबिरात साधक आपसात बोलत नाहीत, पण शंका आली तर आचार्यांना विचारायची मुभा असते. दार सगळे बंद केलेले नसते.

गुरुजनहो, हे आपल्या वर्गालाही लागू आहे. छडीच्या धाकाने गप्प बसलेला वर्ग शांत दिसतो, पण त्या शांततेत एखाद्या पोराला न समजलेले गणित तसेच दडून राहते. रोज पाच मिनिटे मुलांबरोबर आपणही गप्प बसावे, बाहेरचे आवाज ऐकावे. मग विचारावे : आज काय कळले नाही? आणि माझे काही चुकले का? दुसरा प्रश्न विचारायला थोडा धीर लागतो. घरात भावाभावांत बांधावरून अबोला धरला असेल, तर तिथेही हाच प्रश्न कामी येईल.