रकान्यात न बसलेलं जेवण

"काका, नाश्ता करून येऊ नका," असं त्यानं फोनवर दोनदा बजावलं होतं. मी ऐकलं नाही. साठी ओलांडल्यावर रक्तदाबाची गोळी रिकाम्या पोटी घेण्याचं धाडस होत नाही. त्यामुळे आषाढातल्या त्या रविवारी सकाळी जव्हारच्या एसटी स्टँडवर मी उभा राहिलो, तेव्हा पोटात लॉजवरच्या पोह्यांची बशी होती आणि मनात थोडी अपराधी भावना. पावसाची भुरभुर चालू होती आणि समोरचं काही धुक्यात धड दिसत नव्हतं.

आम्ही सहा जण होतो. वसईचं एक निवृत्त शिक्षक जोडपं, ठाण्याहून आलेल्या दोन तरुण मुली, गळ्यात मोठा कॅमेरा अडकवलेला एक गृहस्थ आणि मी. आमचा वाटाड्या पंचविशीतला. साखरशेतच्या एका पाड्यावरचा, आश्रमशाळेत शिकलेला, पुढे पदवी घेतलेला. मुंबईत गिरगाव-भुलेश्वरच्या गल्ल्यांतून लोकांना खाऊ घालत इतिहास सांगणारे मार्गदर्शक असतात, हे त्यानं कुठंसं वाचलं आणि आपल्या गावात हे का नको, असा विचार केला. भाचीनं मला त्याचा नंबर दिला. "मामा, तुम्ही तिथं नोकरी केलीत ना? मग जाच," म्हणाली.

नोकरी केली होती खरी. १९९१ ते १९९४ अशी तीन वर्षं मी जव्हारला एका बँकेच्या शाखेत अधिकारी होतो. गाव पाठ आहे असा माझा समज होता. तो दुपारपर्यंत टिकला.

सुरुवात इतिहासानं झाली. जव्हार म्हणजे मुकणे राजघराण्याच्या संस्थानाची राजधानी. समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार फुटांवरचं हे गाव. या घराण्याचा मूळ पुरुष जयबा मुकणे. त्यानं एका बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली, ती कबूल झाल्यावर कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या आणि त्यांनी वेढा घालून भलामोठा मुलूख पदरात पाडून घेतला, अशी दंतकथा आहे. पुढे १३४३ मध्ये दिल्लीच्या सुलतानानं या राज्याला मान्यता दिली आणि १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत, म्हणजे सहाशे वर्षं, ते टिकलं. १६६४ च्या सुरतेच्या स्वारीला जाताना शिवाजी महाराज जवळच थांबले, इथल्या राजानं त्यांना मानाचा शिरपेच दिला आणि त्यावरून त्या माळाला शिरपामाळ नाव पडलं, असं सांगतात.

हे सगळं मला ठाऊक होतं. आमच्या वाटाड्यानंही ते पाच मिनिटांत आटोपलं आणि म्हणाला, "राजवाडा तुम्ही नंतर बघालच. राजा काय खायचा ते राजवाड्यात कळेल. गाव काय खायचं ते इथं कळेल." असं म्हणून त्यानं आम्हाला पेठेतल्या रस्त्याच्या कडेला नेलं.

वाटेत वडापावच्या गाडीवर तेल कडकडत होतं. शिक्षकांची पावलं आपोआप रेंगाळली. "सर, तो वसईतही मिळतो," वाटाड्या म्हणाला, आणि सर शहाण्या विद्यार्थ्यासारखे पुढं झाले.

रस्त्याच्या कडेला गोणपाटावर बायका बसल्या होत्या. डोक्यावर प्लास्टिकचा कागद, पुढ्यात पानांचे वाटे. इथं वजनकाटा नसतो. वाटा असतो. दहाला एक, वीसला एक, आणि घेणारा बरा वाटला तर वर एक मूठ. बँकेतून घरी जाताना या वाट्यांवरून मी तीन वर्षं चालत गेलो होतो. मला तो सगळा एकसारखा हिरवा पाला दिसायचा. आज पहिल्यांदा कुणीतरी नावं सांगत होतं. हा टाकळा. ही कोळी, हिलाच कुठं फोडशी म्हणतात. पहिल्या पावसाबरोबर ती उगवते, आणि पुष्कळ घरांत तिची पूजा केल्याशिवाय नवी पालेभाजी तोंडात घालत नाहीत. हे वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. हे शेवळं, हंगाम संपत आल्यामुळे शेवटचं. शेवळाशेजारी हिरव्या आंबट फळांची छोटी रास होती. ती काकडं. शेवळं नुसतं शिजवलं तर घसा खाजून जीव नको होतो, काकडाच्या आंबटानं ती खाज जाते. दोन्ही एकाच पावसात तयार होतात आणि एकाच गोणपाटावर विकायला येतात.

"हे शोधून कुणी काढलं असेल?" ठाण्याच्या मुलीनं विचारलं.

"ज्याचा घसा पहिल्यांदा खाजला त्यानं नाही, त्याच्या बायकोनं," गोणपाटावरची बाई म्हणाली. सगळे हसले. कॅमेरेवाल्यांनी तेवढ्यात कॅमेरा उचलला आणि "मावशी, जरा वर बघा," म्हणाले. वाटाड्यानं हळूच त्यांच्या हातावर हात ठेवला. "आधी भाजी घ्या. मग विचारा. हो म्हणाल्या तर काढा." गृहस्थ भले होते. त्यांनी तीन वाटे घेतले. फोटोला मात्र मावशी नाही म्हणाल्या.

पुढच्या थांब्यावर एका पडवीत चुलीवर नागलीच्या भाकऱ्या चालल्या होत्या. नाचणीला इकडे नागली म्हणतात. गरम भाकरी, खुरासणीची काळी चटणी आणि परतलेली सुकट. त्या पोह्यांचा मला मनापासून पश्चात्ताप झाला. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तांदळात त्याचा दहा-वीसावा भागही नसतो, ही माहिती शिक्षकीणबाईंनी पुरवली. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून पाळल्यापासून त्यांच्या घरी नाचणी येते, पण ती डब्यातून, बिस्किटांच्या रूपानं. भाकरी थापणाऱ्या बाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "आणि तुम्ही भात टाकला?"

तिथंच एका टोपलीत मोहाची सुकी फुलं होती. चिमूटभर तोंडात टाकली. बेदाण्यासारखी गोड, थोडी धुरकट. दुष्काळात ही फुलं उकडून लोकांनी दिवस काढले आहेत. सरकारला मात्र त्यात दारूच दिसली. इंग्रजांनी १८९२ मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांवर खास कायदाच केला होता. अन्नाकडे कोण कुठून बघतो, यावर त्याचं नाव ठरतं.

आणि मग त्यानं एक कंद दाखवला. ओबडधोबड, मातकट. "हा कडू कंद. असाच खाल्ला तर त्रास होतो. पातळ काप करायचे, राखेच्या पाण्यात उकडायचे, रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायचे. मग खायचा." कॅमेरेवाल्यांनी विचारलं, "चव कशी असते?" तो म्हणाला, "चवीसाठी नाही खात. कणगी रिकामी झाली की खातात."

सगळे क्षणभर गप्प झाले. माझ्यापुरती ती सहल तिथं संपली आणि दुसरं काहीतरी सुरू झालं.

वाचकांपैकी ज्यांना आठवत असेल त्यांच्यासाठी दोन शब्द पुरेत: वावर-वांगणी. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातल्या या गावांत कुपोषणानं शंभराहून अधिक बालकं दगावली आणि मुंबईपासून दीडशे किलोमीटरच्या आत भूक राहते हे महाराष्ट्राला समजलं. मंत्री आले, गाड्या आल्या, पत्रकार आले. जव्हारला अप्पर जिल्हाधिकाऱ्यांचं कार्यालय झालं. २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला. तरी २०१६ मध्ये मोखाड्यातल्या बालमृत्यूंनी पुन्हा तीच ओरड झाली.

त्या १९९२ च्या पावसाळ्यात मी इथं कर्जाचे अर्ज भरत होतो. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम चालू होता. आदिवासी कुटुंबाला म्हैस किंवा शेळ्या, निम्मं अनुदान, निम्मं कर्ज. अर्जात रकाने असत. जमीन किती, जनावरं किती, मजुरी किती, इतर उत्पन्न किती. मी पाड्यांवर जाऊन विचारायचो आणि 'इतर' पुढं काट मारायचो. जंगलातून काय येतं याला रकाना नव्हता. भात संपल्यावर आषाढापासून दसऱ्यापर्यंत हे घर कशावर जगतं, यालाही नव्हता. सरकारची एक योजना होती, तिचं नाव खावटी कर्ज. खाण्यासाठी कर्ज. ते नाव उच्चारताना माझी जीभ एकदाही अडखळली नाही.

आणि म्हशी दिल्या आम्ही. उन्हाळ्यात जिथं माणसाला प्यायचं पाणी दरीतून आणावं लागतं तिथं म्हशी दिल्या. दिवाळीनंतर अर्धा पाडा 'जगायला' जायचा, म्हणजे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर. मागं म्हातारी माणसं आणि म्हैस. म्हैस मेली तर विमा होता, पण कानातला बिल्ला आणून दाखवावा लागे. बिल्ला नाही तर दावा नाही.

अशाच एका पाहणीला मी साखरशेतला गेलो होतो. नावाची गंमत वाटून विचारलं, इथं ऊस होतो का? घरातला म्हातारा हसला. "साखर नाय साहेब, शेत आहे." त्याच्या बायकोनं पळसाच्या पानावर भाकरी आणि कसलीशी पालेभाजी पुढं ठेवली. मी म्हणालो, "आत्ताच जेवलो." जेवलो नव्हतो. पाणी बाधेल, भाजी बाधेल, परत जाताना पोट बिघडेल अशी भीती होती. तिनं पान उचललं आणि आत नेलं. मग कोऱ्या चहाचा कप आला. त्यात साखर भरपूर होती. ती शेजारून मागून आणली, हे दारातून बघितलं होतं मी.

त्यामुळे फेरीचा शेवटचा टप्पा साखरशेतला, वाटाड्याच्या घरी आहे असं कळलं तेव्हा जीपमध्ये मी फारसा बोललो नाही. त्यानंच विचारलं, "काका, तुम्ही बँकेत होतात ना? आमच्या आजोबांनी म्हैस घेतली होती. भर पावसात दरीत गेली. बिल्ला सापडला नाही." जरा थांबून, हसत म्हणाला, "नोटीस मात्र बरोबर घर शोधत आली."

सही माझी होती का, मला माहीत नाही. त्या वर्षांत आमच्या शाखेत अशा कागदांवर सही करणारा मीच होतो. मी त्याला तसं सांगितलं. तो थोडा वेळ रस्त्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हप्ते फेडले आजोबांनी. दोन वर्षं जास्त भट्टीवर गेले." आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

घर तेच होतं की दुसरं, ओळखता आलं नाही. शेणानं सारवलेली जमीन, कुडाच्या भिंतीवर पांढऱ्या रंगातल्या आकृत्या, बाहेर हात धुवायला बादली. आजी चुलीपाशी होत्या. पळसाच्या पानावर भाकरी, वास्त्यांची भाजी, उडदाची आमटी, भात. मी सगळं खाल्लं. पुन्हा मागून घेतलं. वास्त्यांची चव सांगायची तर कोवळ्या कणसाच्या जवळची, मागून किंचित कडसर. आजी म्हणाल्या, "शेरातली माणसं पानात टाकतात. तुम्ही नाय टाकलं." मी काय बोलणार?

जेवणानंतर ठाण्याच्या मुलीनं तो प्रश्न विचारलाच, जो माझ्याही मनात घोळत होता. "जिथं मुलं उपाशी राहिली तिथं आम्ही हौसेनं खायला येतो. हे बरोबर आहे का?" वाटाड्या जमिनीवर बसून पानं गोळा करत होता. म्हणाला, "ताई, आधी लोक आमची भूक बघायला यायचे. तुम्ही आमचं जेवण बघायला आलात. जेवणाचे पैसे मिळतात." शिक्षक म्हणाले, रानभाज्यांत एवढं सत्त्व आहे तर कुपोषण का? त्याचं उत्तर आजींनी दिलं. "भाजी भाकरीबरोबर खायची असते. भाकरी नसली की भाजी काय करेल?"

सरकारचा कृषी विभाग आता ठिकठिकाणी रानभाज्यांचे महोत्सव भरवतो. करोनाच्या काळात खावटी कर्जाऐवजी अनुदान म्हणून आली, कुटुंबाला चार हजारांची. बरंच बदललं. पण रानभाजी महागली की ती विकायलाच जाईल आणि घरात उरणार नाही, ही भीती वाटाड्यानंच बोलून दाखवली. म्हणून फेरी महिन्यातून दोनदाच, आणि घरातल्यांचं खाणं काढून ठेवल्यावर जे उरेल तेच पाहुण्यांना, असा त्याचा नियम आहे.

निघताना माझ्यातला बँकवाला जागा झाला. विचारलं, हिशोब कसा ठेवतोस? त्यानं कोनाड्यातून एक दोनशे पानी वही आणली. हातानं आखलेले रकाने. तारीख. पाहुणे किती. रांधलं कुणी. पैसे कुणाला किती. आणि या सगळ्यांच्या आधी, सर्वांत रुंद, एक रकाना: भाजी कुणी आणली, कुठून आणली. त्यात बायकांची नावं होती, ओढ्यांची होती, टेकड्यांची होती.

"पाहुण्यांची सही घेतो शेवटी," तो म्हणाला. "इथं करा, काका."

मी चष्मा पुसला आणि वाचून सही केली.