शिट्टी खाली ठेवल्यावर

कॉलेजच्या मैदानावर खेळाडू घडविणाऱ्या प्रशिक्षकाने एके दिवशी शिट्टी खाली ठेवली, तर पुढे त्याने करावे काय? हा प्रश्न वाटतो तितका परका नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. ‘बी. ए. होऊन पुढे काय?’ असे गावात जो तो विचारतो. एकदा धरलेली वाट जन्मभर सुटत नाही, अशीच आम्हा मंडळींची समजूत असते. ती कितपत खरी, हे पाहण्यासाठी मी अमेरिकेकडे वळलो. कारण तेथे कॉलेजचा प्रशिक्षक हा एक मोठाच व्यवसाय आहे. मात्र संघ हरू लागला की नोकरीही डळमळते.

टॉम ऑसबोर्न हे १९७३ ते १९९७ अशी पंचवीस वर्षे नेब्रास्का विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक होते. त्यांच्या संघाने २५५ सामने जिंकले. पुढे २००१ ते २००७ या काळात ते अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाचे सभासद झाले. जॉन मॅडन यांनी आरंभी कॉलेजांचे संघ शिकविले, मग व्यावसायिक संघ सांभाळला आणि १९७९ पासून तीस वर्षे दूरदर्शनवर सामन्यांचे समालोचन केले.

वरवर पाहता ही कामे वेगळी. पण आतला धागा एकच आहे. तेथील प्रशिक्षकाला गावोगाव हिंडून मुले निवडावी लागतात, त्यांच्या आईबापांसमोर बसून विश्वास मिळवावा लागतो. मते मागणाऱ्याला तरी दुसरे काय करावे लागते? अवघड डाव साध्या शब्दांत पोरांच्या गळी उतरविणे, हेच समालोचकाचेही काम. म्हणजे माणूस धंदा बदलतो, पण कमावलेला गुण बरोबर नेतो.

तरीही एक गोष्ट विसरून चालणार नाही. गाजलेल्या नावाला दारे लवकर उघडतात; अनामिक साहाय्यकाला ती ठोठवावी लागतात. अशा वेळी शिक्षण कामी येते. ऑसबोर्न यांनी मुख्य प्रशिक्षक होण्याआधीच शैक्षणिक मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळविली होती. १८९१ साली बास्केटबॉलचा शोध लावणारे जेम्स नेस्मिथ यांनी १८९८ मध्ये वैद्यकाची पदवी घेतली. कॅन्सस विद्यापीठात प्रशिक्षक म्हणून त्यांच्या नावावर ५५ विजय आणि ६० पराभव आहेत! पण १९०७ मध्ये ते काम सोडल्यावरही त्यांचे काही अडले नाही. १९३७ पर्यंत ते तेथेच अध्यापन करीत राहिले.

आपल्याकडे कबड्डी, खो-खोचे कितीतरी प्रशिक्षक स्पर्धेच्या दिवसांपुरते, मानधनावर येतात. त्यांना आणि त्यांच्याच वाटेने जाऊ पाहणाऱ्या माझ्या खेळाडू मित्रांना तर या दुसऱ्या आधाराची गरज अधिकच आहे. तेव्हा मित्रहो, मैदान जरूर गाजवा. पण परीक्षेचा फॉर्म भरायला मात्र विसरू नका.