स्लाइडवरची झाक: आधी काठ बघा

जुने वाडे, नदीचे घाट, देवळांतली भित्तिचित्रं यांचे फोटो काही मंडळी आजही मुद्दाम स्लाइड फिल्मवर काढतात. स्लाइड म्हणजे कॅमेऱ्यात होती तीच फिल्म. मधे निगेटिव्ह नाही, प्रिंट काढताना रंग सावरणं नाही. पण म्हणूनच घरी धुताना काही बिघडलं, तर तेही त्यात कायमचं राहतं. उद्या कुणी त्या स्लाइडवरून भिंतीचा मूळ रंग ठरवू लागला, तर हिरवट झाक चुन्यातली की रसायनातली, हे त्याला कसं कळावं? ते धुणाऱ्यानंच शोधून लिहून ठेवायला हवं.

स्कॅनरवर विसंबू नका. तो स्वतःच रंग बदलतो. वाळलेली पट्टी पांढऱ्या उजेडावर धरा आणि आधी चौकटीबाहेरचा काठ बघा. तिथे उजेड पडलेला नसतो, म्हणून तो दाट काळा यायला हवा. काठ काळा आणि झाक फक्त काही चित्रांत असेल, तर बहुधा दोष धुण्याचा नाही, फोटो काढतानाच्या उजेडाचा. दिवसाच्या उजेडासाठीच्या फिल्मवर पिवळ्या बल्बचा प्रकाश नारिंगी येतो, ट्यूबलाइटचा हिरवट, उघड्या आभाळाखालच्या सावलीतला निळसर. काठासकट सगळा रोल रंगला असेल, तर रसायनांकडे वळा. अर्थात मुदत संपलेल्या किंवा उन्हाळ्यात कपाटात तापलेल्या फिल्मचाही काठ बिघडतो, तेवढं आधी तपासा.

आता ई-६ पद्धतीत काय होतं ते पाहू. पहिला डेव्हलपर उजेड लागलेल्या भागाची काळी-पांढरी प्रतिमा करतो. उरलेल्या भागात नंतर रंग डेव्हलपर रंग तयार करतो. शेवटी ब्लीच-फिक्स सगळी चांदी काढून टाकतं. प्रत्येक टप्प्याचा दोष वेगळा दिसतो.

स्लाइड फार गडद किंवा फार फिकी, आणि सोबत झाक: पहिला डेव्हलपर तपासा. तापमान ३८ अंश हवं, आणि अर्ध्या अंशाचा फरकही दिसू शकतो. थंड किंवा दमलेल्या डेव्हलपरनं स्लाइड गडद होते, गरम किंवा जास्त वेळ दिलेल्यानं फिकी. बडोदा-इंदूरकडच्या जानेवारीत टाकी लवकर गार पडते. बाटल्या आणि टाकी गरम पाण्याच्या घमेल्यात ठेवा.

उजळपणा ठीक, पण सगळीकडे पिवळट किंवा निळसर झाक: रंग डेव्हलपरचा पीएच. क्षार वाढला की झाक पिवळ्याकडे जाते, कमी झाला की निळ्याकडे. कॉस्टिक सोड्याचे थेंब घालण्याआधी ताजं द्रावण डिस्टिल्ड पाण्यात, मोजून करून बघा. बहुतेकदा तेवढ्यानं भागतं.

रंग मळकट, काळपट: चांदी उरली आहे. पुन्हा ब्लीच-फिक्स करून नीट धुवा. हा दोष नंतरही दुरुस्त होतो.

एका बाजूनं लालसर-नारिंगी पट्टे: फिल्म भरताना मागून उजेड शिरला.

एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशानं सुधारलं ते कळत नाही. रोलच्या पहिल्या चौकटीत त्याच उजेडातलं करडं कार्ड घ्या. झाक कितपत आहे ते त्यावरून मोजता येतं. शेवटचा स्टॅबिलायझर टाळू नका, तो रंग टिकण्यासाठी असतो.

आपल्या संग्रहात येणाऱ्या जुन्या स्लाइडी लाल पडलेल्या असतात, ती गोष्ट निराळी. तिथे वर्षानुवर्षांत निळा-हिरवा रंग उडालेला असतो. पुन्हा रसायनात घालून तो परत येत नाही. म्हणून नव्या स्लाइडच्या पाकिटावर फिल्मचं नाव, धुतल्याची तारीख, तापमान आणि दिसलेली झाक आजच लिहा. आणखी तीस वर्षांनी कोणता रंग भिंतीचा, कोणता धुण्याचा आणि कोणता काळाचा, हे त्या चार ओळींवरूनच वेगळं करता येईल.